लाट फुटते त्या पाण्यात



मी मराठीचा प्राध्यापक. मत्स्यशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही आज या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण माझा एक विद्यार्थी. वर्गात सागरवर्णनाची कविता शिकविताना, ‘काठाच्या फेसाळ पाण्यात जीवन कुठले, ते सारे खोल समुद्रात,’ असे मी सहज बोलून गेलो. रापणकाराच्या घरातला तो मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, मुडदुशी तिथंच मिळते.”

त्याचेच खरे होते. कोलवा-बाणावलीच्या वाळूवर लाटा फुटतात तो पट्टा म्हणजे पिलांचे पाळणाघर. घुसळलेल्या गढूळ पाण्यात पिले मोठ्या माशांच्या नजरेआड राहतात, आणि उथळपणामुळे त्या मोठ्यांना तेथवर येणेही अवघड जाते. वाळूतल्या अळ्या, शिंपल्यांतले जीव, लाटेबरोबर वरखाली सरकणारे चिमुकले खेकडे हे तेथले अन्न. येथे दाटी असते ती मोजक्याच जातींची, त्यांतही पुष्कळ जण काही काळापुरते मुक्कामाला आलेले. शेवटे समुद्रात अंडी घालतात. त्यांची पिले या काठाच्या आश्रयाने साळ, जुवारीसारख्या नद्यांच्या मुखांत शिरतात. मुडदुशीची तऱ्हा वेगळी. जाळे जवळ येताच ती वाळूत बुडी मारते आणि रापण तिच्या पाठीवरून निघून जाते. (त्या दिवशी वर्गात मलाही ही विद्या हवी होती!)

होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढायची, ही रापण. तिच्या बारीक आसांत पिलेही सापडतात, हे मान्य केले पाहिजे. पण काठालगत तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांची हानी निराळीच. त्यांच्याविरुद्ध गोव्याचे रापणकार १९७० च्या दशकात रस्त्यावर उतरले. १९८० साली कायदा झाला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंतचे पाणी यांत्रिक नौकांना बंद झाले. कायदा पाळला जातो का, हे रापणकारांनाच विचारावे.

आज रापण ओढणारे हात कमी झाले आहेत. त्या हातांबरोबर कोणता मासा कोणत्या भरतीला काठाशी येतो, पिलाला काय म्हणतात आणि वाढल्यावर काय, हे शब्दही चालले आहेत. त्या मुलाच्या आजोबांकडून मी काही नावे एका वहीत उतरवून घेतली. ती वही आज ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. तिची बरीच पाने कोरी आहेत. ज्यांच्या घरी कोणी रापणीचा दोर ओढला असेल, त्यांनी ती भरावीत.