थांबवण्याचा अधिकार

११ ऑगस्ट २०१८. महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावावर पैसे निघू लागले. कार्डं बनावट होती, तरी प्रत्येक एटीएमला होकार मिळत होता. एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य संगणकाशी पडताळून होकार किंवा नकार देणारी जी यंत्रणा असते, तिला 'स्विच' म्हणतात. हॅकरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून स्वतःचा खोटा स्विच उभा केला होता, आणि तो सगळ्यांनाच हो म्हणत होता. परदेशांतून सुमारे ७८ कोटी रुपये गेले, आपल्या देशातून अडीच कोटी. त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. सोमवारी, १३ तारखेला, बँका एकमेकींना पैशांचे आदेश ज्यातून पाठवतात त्या 'स्विफ्ट' यंत्रणेतून जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींहून जास्त.

त्याच्या अडीच वर्षं आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर असेच गेले होते. वेळ होती गुरुवारची रात्र. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते.

चोरांनी दोन्ही वेळा कॅलेंडर नीट पाहिलं होतं. म्हणून कंपनी म्हणजे बँक असो, चाकणचा कारखाना असो की गोव्यातल्या वेर्ण्याची औषधनिर्मिती, तिच्या संचालकांना दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. सुट्टीच्या दिवशी तुमच्या संगणकांवर काय चाललंय हे कोण बघतं? आणि काही वावगं दिसलं तर ते थांबवतं कोण?

पहिल्या प्रश्नावर उत्तर ठरलेलं असतं. "आमचा आयटीवाला आहे की. फायरवॉल घेतलाय, अँटिव्हायरस आहे." दुसऱ्या प्रश्नावर मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. आणि खरी मेख तिथेच आहे.

अमेरिकेतल्या 'टार्गेट' या दुकानांच्या बड्या साखळीचं उदाहरण घ्या. २०१३ च्या सुमारास तिनं घातक प्रोग्रॅम पकडणारी यंत्रणा १६ लाख डॉलर खर्चून बसवली. तिच्यावर चोवीस तास लक्ष ठेवायला आपल्या बंगळुरूत माणसं बसवली. नोव्हेंबरच्या अखेरीस, नाताळच्या खरेदीच्या ऐन गर्दीत, यंत्रणेनं धोक्याची सूचना दिली. बंगळुरूच्या माणसांनी ती मिनिआपोलिसच्या मुख्यालयाला कळवली. आणि पुढे काहीच झालं नाही. डिसेंबरच्या मध्याला सरकारी तपास यंत्रणांनी सांगितलं, तेव्हा कंपनी जागी झाली. तोवर सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती बाहेर गेली होती. यंत्र होतं, पाहणारे होते, त्यांनी वेळेवर सांगितलंही होतं. ऐन हंगामात गल्ल्यांवरची यंत्रणा थांबवा, असं म्हणणारं कुणी पुढे आलं नाही. संपूर्ण कंपनीच्या माहितीच्या सुरक्षेला जबाबदार असा एक वरिष्ठ अधिकारी टार्गेटनं पहिल्यांदा नेमला तो २०१४ मध्ये, हे सगळं होऊन गेल्यावर.

म्हणून बघणारं आणि थांबवू शकणारं एक वेगळं पथक हवं. आता कुणी म्हणेल, हे काम आयटी विभागालाच द्यावं, वेगळं पथक कशाला? अहो, आयटीच्या माणसाची बढती कशावर ठरते? सर्व्हर बंद पडला नाही, ईमेल अडली नाही, नवी प्रणाली तारखेला सुरू झाली, यावर. पगाराच्या आदल्या दिवशी 'मला संशय येतोय, सर्व्हर दोन तास बंद ठेवतो' असं म्हणणं त्याच्या नोकरीच्या विरुद्ध जातं. शिवाय त्यानं स्वतः बसवलेल्या यंत्रणेतली भोकं त्यानंच शोधायची आणि त्यानंच वर कळवायची! हिशोब लिहिणाऱ्यानंच हिशोब तपासायचा नसतो, हे आपल्या गावच्या सोसायटीलाही कळतं.

रिझर्व्ह बँकेनं हे ओळखलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिनं बँकांना आणि मोठ्या वित्तसंस्थांना जे निर्देश दिले, त्यात मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी आयटी प्रमुखाच्या थेट हाताखाली नसावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याला व्यवसायाचं कुठलंही उद्दिष्ट देऊ नये, असंही. हा नियम बँकांचा असला तरी त्यामागचं शहाणपण कुठल्याही कंपनीच्या उपयोगाचं आहे.

मग माणसं किती लागतील? आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो असं धरलं, तर एकच खुर्ची रात्रंदिवस भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, सणवार धरले की पाच. तीनशे कामगारांच्या कारखान्याला हे झेपणारं नाही, आणि त्याची गरजही नाही. पहाऱ्याचं हे काम बाहेरच्या कंपनीकडून घेता येतं. असा पहारा ठेवणाऱ्या केंद्राला या धंद्यात 'सॉक' म्हणतात, आणि ही सेवा मुंबई-पुण्यात सहज मिळते. पण टार्गेटची गोष्ट विसरू नका. पहारा बाहेर देता येतो, निर्णय बाहेर देता येत नाही. म्हणून सॉकचा फोन उचलणारी निदान दोन माणसं आपली हवीत. दोन अशासाठी, की एक जण गावी गेला असेल तेव्हा दुसरा असावा.

या दोघांना पहिल्या महिन्यात एकच काम द्या: कंपनीत काय काय आहे, याची यादी. किती संगणक, किती सर्व्हर, कुणाकडे कुठला पासवर्ड, कुठल्या पुरवठादाराला आत शिरायची वाट दिलेली आहे. टार्गेटमध्ये चोर शिरले ते वातानुकूलनाचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या पासवर्डनं!

दुसरं काम बॅकअपचं. बॅकअप आहे एवढं ऐकून समाधान मानू नये. तो प्रत्यक्ष उतरवून चालतो का, हे बघावं. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले. आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात तिच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. संगणकांत कुणाला प्रवेश द्यायचा, याच्या मूळ नोंदी ठेवणारे कंपनीचे सर्व्हर एकाच फटक्यात पुसले गेले. वाचला तो एक, घानामधला. कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला तिथून ती नोंद आणून पुन्हा उभं राहावं लागलं. दैवावर असा भरवसा ठेवणं आपल्याला परवडणारं नाही.

तिसरं काम नोंदींचं आणि कळवण्याचं. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि संगणकांवरच्या हालचालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. कोण कळवणार हे आधी ठरलेलं नसेल, तर सहा तास साहेबांना फोन लावण्यातच जातात.

आणि एक सांगतो. चुकीच्या लिंकवर बोट पडलेल्या क्लार्कनं पाच मिनिटांत या पथकाला येऊन सांगितलं पाहिजे. त्यानं ते सांगावं असं वाटत असेल, तर त्याला मेमो देऊ नका. पहिला मेमो गेला की पुढची दहा माणसं गप्प बसतात.

हे सारं सुरू कुठून करायचं? बहुतेक ठिकाणी आधी यंत्र घेतात, मग माणूस नेमतात, आणि अधिकाराचं नंतर बघू म्हणतात. माझी विनंती आहे, हा क्रम उलटा करा. आधी संचालकांच्या सहीचा एक कागद तयार करा. न विचारता काय काय बंद करायचं, किती वेळ बंद ठेवायचं, रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं, आणि संशय खोटा ठरला, तासभर धंदा बुडाला, तरी त्याबद्दल जाब विचारला जाणार नाही, हे त्यात स्वच्छ लिहा. हे शेवटचं वाक्य लिहिताना संचालकांचा हात अडखळतो. तो अडखळत असेल, तर यंत्राची ऑर्डर थोडी थांबवा आणि त्या वाक्यावर बैठक घ्या. त्यावर सही झाली, की कुठली माणसं शोधायची आणि कुठलं यंत्र घ्यायचं, हे ठरवणं फारसं अवघड नाही.