खेळातली नावे आणि नावांचा परवाना

श्रोतेहो, तुमच्यापैकी जे शाळेत शिकवतात त्यांनी मधल्या सुट्टीत केव्हा तरी हे दृश्य पाहिले असेल. दोन मुले भूगोलाचे पुस्तक मध्ये ठेवून बसलेली असतात. एकजण डोळे मिटून पान उघडतो, दुसरा डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा बघतो आणि वहीत मांडतो. चार आले की चार धावा, सहा आले की सहा, शून्य आले की गडी बाद. पुस्तकातले क्रिकेट ते हेच. आम्हीही लहानपणी ते भरपूर खेळलो. वहीच्या मागच्या पानावर अकरा नावे लिहायची. पहिले नाव अर्थातच गावसकर. एकदा माझ्या सोबत्याने पान उघडले ते नेमके चाळिसावे निघाले. गावसकर शून्यावर बाद! पोरगा रडकुंडीला आला. म्हणाला, "हे पान चिकटलेलं होतं, हे धरायचं नाही." त्यावरून आमची दोन दिवस कट्टी होती.

आता असे बघा, त्या वहीत गावसकर हे नाव नसते आणि नुसते 'खेळाडू क्रमांक एक' असते, तर तो रडला असता काय? मुळीच नाही. नावात जीव होता. आणि ते नाव लिहिताना आम्ही कुणाचा परवाना काढला नव्हता, कुणाला पैसाही दिला नव्हता.

हे सारे आठवण्याचे कारण माझा नातू. सातवीत आहे. थोरल्या भावाच्या जुन्या संगणकावर तो फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळतो. गेल्या दिवाळीत त्याने बापाकडे हट्ट धरला, नवा गेम हवा. किंमत चार हजारांच्या घरात. बाप एस.टी.त वाहक. त्याने विचारले, "जुन्याला काय धाड भरली आहे?" तर म्हणाला, "जुन्यात खरे संघ नाहीत, लायसन नाही." बाप माझ्याकडे आला. म्हणाला, "अप्पा, तुम्ही मास्तर होता, तुम्हीच सांगा. हे लायसन म्हणजे काय, आणि त्याच्यासाठी चार हजार घालायचे का?"

मला तरी कुठे ठाऊक होते? पण विचारले तर शोधले पाहिजे. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

परवाना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रास्त भावाचे दुकान येते, नाही तर खताचे. इथला परवाना वेगळा. मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडातला फुटबॉल संघ. त्याचे नाव, त्याचे बोधचिन्ह, त्याचा सदरा ही त्या संघाची मालमत्ता. व्हिडिओ गेम काढणाऱ्या कंपनीला ती वापरायची तर करार करून पैसे मोजावे लागतात. स्पर्धेचे नाव वापरायचे तर स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेशी वेगळा करार. खेळाडूंची नावे आणि चेहरे हवेत तर बहुतेक वेळा खेळाडूंच्या संघटनेशी आणखी एक. एका सामन्यासाठी असे किती दरवाजे ठोठावायचे!

माझ्या नातवाचा जुना गेम जपानच्या कोनामी कंपनीचा. नाव 'प्रो इव्होल्यूशन सॉकर'. या कंपनीला सगळ्या इंग्लिश संघांचे हक्क मिळाले नव्हते. मग तिने काय केले? मँचेस्टर युनायटेडला 'मॅन रेड' म्हटले, लिव्हरपूलला 'मर्सीसाइड रेड'. मर्सीसाइड हा लिव्हरपूल ज्यात येते तो इलाखा. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून बायका 'घरातले' म्हणत, त्यातलीच ही तऱ्हा. जुन्या आवृत्त्यांत तर ब्राझीलचा नामांकित खेळाडू रोबेर्तो कार्लोस याची अक्षरे उलटीसुलटी करून 'लार्कोस' केले होते. सगळ्यांना कळायचे, आणि कागदावर कुणाचेच नाव नसायचे.

गंमत अशी, की २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत जाणत्या खेळणाऱ्यांमध्ये याच गेमचा बोलबाला होता. समोर अमेरिकेची इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी उभी. तिच्या गेमवर १९९३ पासून 'फिफा' या जागतिक फुटबॉल संघटनेचे नाव, आणि १९९५ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून खेळाडूंची खरी नावे. तरीही पुष्कळ पोरे 'मॅन रेड'कडून खेळत, कारण त्यात चेंडू चेंडूसारखा घरंगळे.

शेतकरी मंडळींना एक दाखला देतो. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीमागे तपासणी असते, उगवण किमान किती टक्के ते लिहिलेले असते. गेमवरचा 'अधिकृत' हा शब्द त्या जातीचा नव्हे. आतला माल चांगला आहे असे तो सांगत नाही. नावाचे भाडे भरले आहे, एवढेच सांगतो. पिशवीवर पाटलांचा फोटो छापला म्हणून बी उगवते असे नाही.

याचा पडताळा २०२१ मध्ये आला. त्याच कोनामीने जुना गेम गुंडाळून 'ई-फुटबॉल' नावाचा नवा काढला. आता तिच्याकडे बार्सिलोना, बायर्न म्युनिक, युव्हेंटस, खुद्द मँचेस्टर युनायटेड अशा संघांचे रीतसर करार होते. पण गेम कच्चाच बाजारात आला. खेळाडूंचे चेहरे असे विद्रूप, की लोकांनी त्यांची चित्रे काढून जगभर थट्टा केली. कंपनीला माफी मागावी लागली. सदरा खरा, बोधचिन्ह खरे, आणि त्यातला माणूस भुतासारखा!

उलट बाजूची साक्षही त्यानंतर लवकरच मिळाली. २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स आणि फिफा यांचे फाटले. २०२३ पासून तोच गेम 'ई.ए. स्पोर्ट्‌स एफ.सी.' या नावाने येऊ लागला. फिफा हे नाव गेले, विश्वचषक गेला, पण संघांचे आणि खेळाडूंचे करार स्वतंत्र होते, ते राहिले. पोरे खेळतच राहिली. म्हणजे मुलाला संघटनेच्या नावाचे फारसे सोयरसुतक नाही. त्याला आपला लाडका खेळाडू हवा. पुस्तकातल्या क्रिकेटमध्ये आम्हाला गावसकर हवा होता. क्रिकेट मंडळाची आठवण आम्हाला कधी झाली नाही.

कोणी म्हणेल, मग यात वाईट काय? ज्याच्याकडे पैसा तो नाव विकत घेईल. वाईट तिथे होते जिथे एकच जण सगळी नावे विकत घेतो. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल आहे, हाताने चेंडू घेऊन धावण्याचा. २००४ साली त्याचे दोन गेम बाजारात भांडत होते. एक इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'मॅडन', दुसरा सेगा कंपनीने विकलेला. सेगाने आपला गेम अवघ्या २० डॉलरला लावला. मॅडनची किंमत ५० डॉलरच्या आसपास असे, ती उतरून ३० वर आली. गिऱ्हाइकांची चंगळ झाली. त्याच वर्षी डिसेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने व्यावसायिक लीगशी आणि खेळाडूंच्या संघटनेशी एकट्यापुरता करार केला, आणि स्पर्धकाचा गेम पुढच्या वर्षी निघालाच नाही. खरे संघ नसलेला अमेरिकन फुटबॉल कोण घेणार? गावात दोन दुकाने असली तर डाळीचा भाव ताळ्यावर राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे गिऱ्हाइकांनी कोर्टात दावा लावला, आणि २०१२ मध्ये कंपनीने २ कोटी ७० लाख डॉलर देऊन तो मिटवला.

मला स्वतःला याहून जास्त लागली ती एड ओबॅनन याची गोष्ट. हा कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाचा बास्केटबॉल खेळाडू. १९९५ साली त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. महाविद्यालयीन खेळाडूंनी हौशी राहावे, खेळाचा मोबदला घेऊ नये, असा तेव्हा तिथे नियम होता. पुष्कळ वर्षे गेली. ओबॅनन मोटारींच्या दुकानात नोकरी करू लागला. एके दिवशी तो मित्राच्या घरी गेला, तर मित्राचा मुलगा व्हिडिओ गेम खेळत होता, आणि पडद्यावर ओबॅनन! नाव लिहिलेले नव्हते. पण तीच उंची, तेच डोके, तोच डावखुरा हात, पाठीवर तोच ३१ आकडा. विद्यापीठांचा परवाना कंपनीने रीतसर काढला होता. ज्याचे अंग विकले त्याला मात्र दमडीही नव्हती, विचारलेही नव्हते.

त्याने २००९ मध्ये दावा लावला. विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध २०१४ मध्ये निकाल लागला. अशाच दाव्यांतून कंपनीकडून आणि संघटनेकडून मिळून सुमारे ६ कोटी डॉलर खेळाडूंसाठी बाहेर निघाले. महाविद्यालयीन फुटबॉलचा गेम २०१३ नंतर बंद पडला, तो २०२४ मध्ये परत आला. या खेपेस ज्या खेळाडूने होकार दिला त्याला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. अकरा हजारांवर मुलांनी होकार दिला. ६०० डॉलर ही त्या देशात फार मोठी रक्कम नव्हे. पण विचारले तरी!

तर गुरुजनहो, "लायसनला काय किंमत आहे?" असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला आधी विचारा, लायसन कुणाचे? संघाचे की माणसाचे? जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान याने कोर्टात हेच भांडण मांडले होते. २००२ च्या विश्वचषकावरच्या गेममध्ये तो होता, खेळाडूंच्या संघटनेची परवानगीही होती. पण माझा होकार कुठे आहे, असे त्याचे म्हणणे, आणि हॅम्बुर्गच्या कोर्टाने ते मान्य केले.

आपल्या देशात यावर शेवटचा शब्द अजून पडलेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये खेळाडूंच्या डिजिटल पत्त्यांच्या वादात अंतरिम आदेश देताना सांगितले, की खेळाडूचे नाव आणि त्याच्या धावा-बळींचे आकडे जगजाहीर आहेत, त्यावर एकट्याची मालकी सांगता येणार नाही. आमच्या वहीतल्या गावसकरला हे कळले असते तर बरे वाटले असते. तरी कंपन्या जपूनच असतात. २००६ च्या अखेरीस आलेला 'क्रिकेट ०७' हा गेम आपल्याकडे घरोघर खेळला गेला. त्यात फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचे हक्क होते, भारताच्या खेळाडूंची नावे बदललेली. पण आपल्या पोरांनी ती कधीच दुरुस्त करून टाकली.

या दुरुस्तीबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण मला त्यात सर्वांत अधिक गोडी वाटली. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या बिग अँट या कंपनीने 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट' काढला. देशांच्या संघांचे परवाने जवळ नव्हते. कंपनीने खोटी नावे घालून भागवले नाही. गेममध्येच एक कार्यशाळा दिली: खेळाडू तुम्ही घडवा, नाव तुम्ही ठेवा, उंची, रंग, फलंदाजीची ढब तुम्ही ठरवा, आणि दुसऱ्यांनाही द्या. थोड्याच काळात जगभरच्या हौशी लोकांनी संघच्या संघ उभे केले. कायद्याच्या मोजपट्टीत हे नेमके कुठे बसते ते वकिलांनी बघावे. मी मास्तर माणूस. मुलाने आयते न घेता स्वतः घडवले, एवढे मला दिसते.

एक गोष्ट मात्र आईबापांनी ध्यानात ठेवावी. खऱ्या नावांचा व्यापार आता गेमच्या किमतीवर थांबत नाही. २००९ पासून फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंचे पत्ते बंद पाकिटात विकले जाऊ लागले. पैसे आधी द्यायचे, आत कोण निघेल ते नशीब. जत्रेतल्या सोडतीसारखे. बेल्जियम देशाने २०१८ मध्ये याला जुगार ठरवले, आणि २०१९ च्या जानेवारीत कंपनीला तिथली ती विक्री थांबवावी लागली. पाकिटात 'खेळाडू क्रमांक एक' असता तर कुणी रुपयाही टाकला नसता. लाडक्या खेळाडूचे नाव असते म्हणून पोरगे बापाचा मोबाईल घेऊन पैसे भरते. घरात असा गेम असेल तर मोबाईलवरून पैसे भरण्याचा गुप्त आकडा पोराला ठाऊक आहे का, ते आज रात्रीच बघा.

आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. चार हजार घातले नाहीत. मी नातवाला जवळ बसवले आणि म्हटले, "तुझ्या गेममध्ये नावे बदलता येतात का?" तर येत होती! आठ दिवस तो शाळेतून आला की बसायचा. 'मॅन रेड'चे नाव बदलले, सदऱ्यांचे रंग जुळवले, खेळाडूंची आडनावे एकेक करून नीट केली. त्यापायी इंग्रजी स्पेलिंगे पाठ झाली ती वेगळीच. मग त्याला आणखी सुचले. एक रिकामा संघ होता, त्याला त्याने आमच्या गावाचे नाव दिले. गोलरक्षक पोस्टमन, मधल्या फळीत वर्गातली चार पोरे, पुढे त्याचा बाप. मला त्याने राखीव खेळाडूंत बसवले आहे, धावण्याचा वेग शंभरात अकरा.

परवा विचारत होता, "अप्पा, गावाचं नाव लावलं, त्याला परवाना लागेल का?" म्हटले, सरपंचांना विचार. विचारून आला. सरपंच म्हणाले, हरकत नाही, पण मला कप्तान कर.