सर्व्हरचा दरवाजा



शाळेत पाच-सहा संगणक असले, की त्या सर्वांचे दप्तर सांभाळणारा एक संगणक कोपऱ्यात बसविलेला असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. मुलांचे गुण, जन्मतारखा, दाखल्याच्या नोंदी अशा सगळ्या गोष्टी त्याच्या पोटात. तो गेला, तर एखाद्या मुलाचा दाखला ऐन प्रवेशाच्या वेळी अडून बसेल.

उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे शिकलेला तुमच्या गावचा मुलगा उद्या सर्व्हर बसवायला आला, तर तो विचारील, "गुरुजी, देखभालीचे साधन ब्राउझरमध्ये उघडणारे देऊ, की तुमच्या संगणकावर बसवून देऊ?"

संगणकावर बसविलेले साधन त्या यंत्रापुरते. यंत्र बिघडले, की दुसऱ्यावर ते पुन्हा बसवावे लागते. ब्राउझरचे साधन सर्व्हरवरच राहते. गुरुजींची बदली झाली, तरी नव्या गुरुजींना फक्त पत्ता नि पासवर्ड पुरतो. १९९७ साली निघालेले वेबमिन आणि त्यानंतरचे कॉकपिट ही लिनक्सवर फुकट मिळणारी साधने याच जातीची.

पण आपले शहर बावन्न दरवाजांचे. दरवाजा म्हटला की पहारेकरी आलाच, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ब्राउझरचे साधन म्हणजे सर्व्हरला पाडलेला एक नवा दरवाजा. वेबमिनचा क्रमांक १००००, कॉकपिटचा ९०९०. तो इंटरनेटवर उघडा ठेवला, तर जगातला कोणीही येऊन कडी वाजवील. ऑगस्ट २०१९ मध्ये तर उघडकीस आले, की वेबमिनच्या काही आवृत्त्यांत कोणी लबाडीने चोरवाट घालून ठेवली होती. दुरुस्त आवृत्ती लगेच निघाली. पण ज्यांनी ती बसविली नाही, त्यांचा धोका तसाच राहिला. उलट, संगणकावर बसविलेली पुष्कळ साधने एसएसएच नावाच्या जुन्याच दरवाजाने आत जातात. नवा पाडावा लागत नाही.

तेव्हा हिशेब सोपा आहे. देखभाल एकाच माणसाकडे, एकाच यंत्रावरून असेल, तर बसविलेले साधन घ्यावे. माणसे बदलणार असतील, तर ब्राउझरचे घ्यावे. मात्र ते शाळेच्या आवारातील जाळ्यापुरतेच ठेवावे, सुधारणा आली की त्याच दिवशी बसवावी, आणि पासवर्ड फळ्यावर लिहू नये. शिवाय एसएसएचच्या चार आज्ञा एका तरी शिक्षकाने शिकून ठेवाव्यात. ब्राउझरचे साधन रुसले, किंवा इंटरनेट मंद झाले, तरी त्या बहुधा कामी येतात.