दुहेरीची एक्केचाळीस वर्षे

आमच्या गावच्या जिमखान्यात बॅडमिंटनचे कोर्ट एकच होते आणि खेळणारे दहा-बाराजण. संध्याकाळी कुणी एकेरी खेळायचे म्हटले, की बाकावर बसलेले ओरडायचे. चौघे आत, बाकीचे बाहेर, हा नियम. त्यामुळे मी आयुष्यभर दुहेरीच खेळलो. आशियाई क्रीडा स्पर्धांतील बॅडमिंटनवर बोलायचे ठरले, तेव्हाही मनात आली ती दुहेरीचीच गोष्ट.

या स्पर्धा १९५१ मध्ये दिल्लीत सुरू झाल्या. बॅडमिंटनला त्यांत जागा मिळाली ती अकरा वर्षांनी, १९६२ मध्ये जकार्तात. यजमान इंडोनेशियाने ते मैदान गाजवले. पुरुषांत तान जो हॉक आणि महिलांत मिनार्नी यांनी एकेरीची सुवर्णपदके घेतली. पुढे १९७४ मध्ये तेहरानला चीन प्रथमच उतरला आणि उतरताच त्याने धाक बसवला. पुरुष एकेरीचा विजेता होउ जिआचांग हा मूळचा इंडोनेशियात जन्मलेला! इंडोनेशियाला पुरुषांच्या सांघिक सामन्यातही चीनपुढे हार पत्करावी लागली. भारताचे या खेळातले पहिले आशियाई पदकही तेहरानचेच. ते पुरुष संघाचे कांस्य होते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बॅडमिंटनमध्ये डेन्मार्कसारखा अपवाद सोडला, तर बहुतेक बलाढ्य देश आशियातलेच आहेत. चीन, इंडोनेशिया, कोरिया, मलेशिया, जपान, तैवान, थायलंड ही यादीच पुरेशी बोलकी आहे. त्यामुळे आशियाई पदक हे जागतिक पदकाच्या तोडीचेच असते. त्यातले कांस्यसुद्धा सहज हाती लागत नाही.

म्हणूनच १९८२ च्या दिल्लीचे मोल मोठे. आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. रेडिओवरच्या बातम्या हाच आधार. त्या स्पर्धेत भारताने बॅडमिंटनची पाच कांस्यपदके मिळवली. दोन सांघिक, पुरुषांचे आणि महिलांचे. एक पुरुष एकेरीत सय्यद मोदीचे. त्याच वर्षी ब्रिस्बेनला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलेला हा खेळाडू १९८८ मध्ये लखनौला गोळीबारात मारला गेला. उरलेली दोन पदके दुहेरीची. पुरुष दुहेरीत लेरॉय डिसा आणि आपल्या महाराष्ट्राचे प्रदीप गंधे, तर मिश्र दुहेरीत लेरॉय डिसा आणि कंवल ठाकूरसिंग.

म्हणजे लेरॉय डिसा यांनी एकाच स्पर्धेत तीन पदके घेतली. आज किती जणांना हे नाव आठवते? मी जिमखान्यात विचारून पाहिले. बॅडमिंटन खेळणाऱ्या पंधरा-वीस मुलांपैकी एकालाही सांगता आले नाही.

दोष मुलांचा नाही. आपल्याकडे प्रकाश पदुकोण, गोपीचंद, सायना, सिंधू ही सगळी मोठी नावे एकेरीची. एकेरीत जमले नाही की दुहेरीकडे वळायचे, असाच समज रुजला. खरे तर दुहेरी हा वेगळाच खेळ आहे. सर्व्हिस आणि तिच्यानंतरचे दोन-तीन फटके यांतच पुष्कळदा गुणाचा निकाल लागतो. हल्ला करताना एकाने पुढे, दुसऱ्याने मागे. बचाव करताना शेजारी-शेजारी. ही अदलाबदल डोळ्यांची पापणी लवते तोवर व्हावी लागते. त्यासाठी दोघांनी वर्षानुवर्षे एकत्र सराव करायला हवा. एक जखमी झाला की दुसराही घरी बसतो. असा धोका पत्करायला पालकही कचरतात आणि निवड करणारेही.

परिणाम पदकतक्त्यात दिसतो. १९८६ ला सोलमध्ये पुरुष संघाने कांस्य मिळवले. त्यानंतरचे पदक थेट २०१४ मध्ये इंचॉनला, महिला संघाचे. २०१८ मध्ये जकार्तात सिंधूने रौप्य आणि सायनाने कांस्य आणले. दुहेरीची पाटी मात्र १९८२ नंतर कोरीच होती. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०११ मध्ये जागतिक स्पर्धेचे कांस्य जिंकले, पण आशियाई पदकाचे दार काही उघडले नाही.

ते उघडले हांगचौला. २०२२ ची ही स्पर्धा करोनामुळे २०२३ मध्ये झाली. पुरुषांच्या सांघिक अंतिम सामन्यात भारत चीनविरुद्ध २-० असा पुढे होता. त्यातली दुसरी लढत सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी जिंकली होती. नंतरच्या तिन्ही लढती गेल्या आणि हाती रौप्य राहिले. प्रणॉय पाठीच्या दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, हे खरेच. पण सांघिक सामन्यात पाचपैकी दोन लढती दुहेरीच्या असतात. एक जोडी जगात अव्वल असून भागत नाही, दुसरीही तितकीच तयार लागते. त्या दिवशी ही उणीव उघडी पडली.

सहा दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, सात्त्विक-चिरागने कोरियाच्या जोडीला २१-१८, २१-१६ असे हरवून सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेतले भारताचे बॅडमिंटनमधले हे पहिलेच सुवर्ण. प्रणॉयने एकेरीत कांस्य घेतले, तेही मोदीनंतर ४१ वर्षांनी. हे दोघे एकत्र आले तेव्हा दोघेही मागून जोरात मारणारेच होते. नेटजवळ कुणी जायचे, हाच प्रश्न होता. मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी त्यांना एकत्र आणले आणि पुढे एकमेकांसाठी जागा सोडायला ते शिकले.

परवा जिमखान्यात एक गृहस्थ नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. नाव नोंदवताना त्यांनी विचारले, 'हिच्या बरोबरीची, रोज येणारी एखादी मुलगी आहे का? जोडी जमवायची आहे.' इतक्या वर्षांत असा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांना मी दुसऱ्या दिवशी सहा वाजता यायला सांगितले.