अवकाशातील नफा कोणाचा, जोखीम कोणाची?

(सोलापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खासगी कंपन्या अवकाश-व्यवसायात यशस्वी होतील काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा अमेरिकेतील अब्जाधीशांच्या नावांनी सुरू होते. सोलापुरात ती वालचंद हिराचंद यांच्यापासून सुरू करणे अधिक उचित ठरेल. १८८२ साली याच शहरात जन्मलेल्या या उद्योगपतीने १९४० च्या अखेरीस म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. परकीय सत्तेच्या अनास्थेशी झगडून देशात विमाने बांधू पाहणारा हा माणूस भांडवलदार होता. परंतु त्याच्या धाडसाचे श्रेय नाकारण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. तथापि पुढे काय झाले तेही ध्यानात घेतले पाहिजे. दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच, १९४२ साली, युद्धाच्या गरजेपोटी सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. त्या काळी या देशात लढाऊ विमानांना सरकारखेरीज दुसरे गिऱ्हाईक नव्हते. ज्या धंद्यात गिऱ्हाईक एकच आणि तेही सरकार, त्या धंद्यातील खासगीपणा नावापुरताच उरतो. स्वातंत्र्यानंतर, १९६४ साली, याच कंपनीतून आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स उभी राहिली.

या कथेचा पुढचा अध्याय अगदी अलीकडचा आहे. लहान उपग्रह वाहून नेणारा एसएसएलव्ही हा प्रक्षेपक इस्रोने सार्वजनिक पैशातून विकसित केला. तीन चाचणी-उड्डाणांसह त्या प्रकल्पाला १६९ कोटी रुपये मंजूर झाले होते. ऑगस्ट २०२२ मधील पहिले उड्डाण फसले. फेब्रुवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ मधील उड्डाणे यशस्वी झाली. मग त्याचे तंत्रज्ञान उद्योगांना देण्यासाठी बोली मागविण्यात आली आणि जून २०२५ मध्ये ५११ कोटी रुपयांची बोली लावून हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ती जिंकली. अंतिम फेरीतील प्रतिस्पर्ध्यांमध्ये अल्फा डिझाइनच्या नेतृत्वाखालील एक संघ होता आणि त्यात वालचंदनगर इंडस्ट्रीज होती. वालचंदांनी काढलेली व पुढे राष्ट्राच्या मालकीची झालेली कंपनी एका बाजूला आणि त्यांचेच नाव धारण करणारी खासगी कंपनी दुसऱ्या बाजूला, असा हा सामना झाला. त्यात सार्वजनिक कंपनी सरस ठरली. सरकारी उद्योगाला स्पर्धा झेपत नाही असे उठता-बसता सांगणाऱ्यांनी या निकालाचा जरूर विचार करावा.

वालचंदनगरच्या कारखान्याला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. सोलापूर जिल्ह्याच्या शिवेपलीकडे, इंदापूर तालुक्यात, साखर कारखान्याच्या आश्रयाने वाढलेल्या या यंत्रशाळेतील कामगारांनी इस्रोच्या प्रक्षेपकांची प्रचंड पोलादी आवरणे घडविली आहेत. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान ३ घेऊन झेपावलेल्या एलव्हीएम ३ प्रक्षेपकाच्या बूस्टरचे भागही तेथेच तयार झाले. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इंजिने घडतात. म्हणजे अवकाशकार्यात खासगी उद्योग नवा नाही. मात्र आजवर आराखडा, संशोधन आणि अपयशाची जोखीम राष्ट्राची होती. खासगी उद्योग मोबदला घेऊन काम करीत होता. २०२० साली सरकारने हे क्षेत्र खुले केले आणि २०२३ च्या अवकाश धोरणाने त्या बदलाला चौकट दिली. आता कंपन्यांना स्वतःचे प्रक्षेपक व उपग्रह उभारून त्यांचा धंदा करता येईल. प्रश्न येथून पुढचा आहे.

परदेशातील दाखले काय सांगतात? स्पेसएक्स या कंपनीचे पहिले तीन प्रक्षेपक कोसळले. सप्टेंबर २००८ मध्ये चौथा कक्षेत पोहोचला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नासाने तिला मालवाहतुकीचे १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. उपग्रह-दूरध्वनीची इरिडियम कंपनी सुमारे पाच अब्ज डॉलर गुंतवून १९९९ साली दिवाळखोरीत गेली. अवघ्या अडीच कोटी डॉलरांत तिची विक्री झाली आणि अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटाने तिला नवजीवन मिळाले. वनवेब २०२० साली बुडाली तेव्हा तिला वर काढण्यासाठी भारती समूहाबरोबर ब्रिटिश सरकारलाही पन्नास कोटी डॉलर घालावे लागले. मुक्त बाजारपेठेचे गोडवे गाणारी ही राष्ट्रे आपल्या कंपन्यांना बाजाराच्या भरवशावर सोडत नाहीत.

असे असले तरी स्पेसएक्सचे यश हा केवळ सरकारी कृपेचा प्रसाद आहे, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. प्रक्षेपकाचा पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरण्याचे तंत्र तिने यशस्वी केले आणि उड्डाणाचा खर्च खाली आणला. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताचा ४,७०० किलो वजनाचा जीसॅट २० हा उपग्रह आपल्या प्रक्षेपकाच्या तत्कालीन क्षमतेबाहेरचा ठरला, तेव्हा भारत सरकारच्याच कंपनीने त्यासाठी स्पेसएक्सचे दार ठोठावले. आपल्या देशातही स्कायरूट आणि अग्निकुल या कंपन्यांच्या तरुण अभियंत्यांनी २०२२ व २०२४ साली चाचणी-उड्डाणे करून दाखविली. तेव्हा मूळ प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, खासगी कंपन्या यशस्वी होऊ शकतात. परंतु त्या यशाच्या पायाशी सार्वजनिक संशोधन, सार्वजनिक प्रक्षेपणतळ आणि सार्वजनिक कंत्राटे असतात. पाया जनतेचा असेल, तर इमारतीच्या भाड्यात जनतेचा वाटा किती, हा राजकीय प्रश्न आहे आणि तो बाजार सोडविणार नाही.

या वाट्याचा अर्थ सोलापूरकरांना दूरचा वाटू नये. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षण, शेती आणि आरोग्याचे दूरदर्शन कार्यक्रम पोहोचविण्यात आले. सोलापूरच्या शेजारचे विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे त्या प्रयोगात होते. त्या खेड्यांच्या खिशात पैसा नव्हता. म्हणून बाजाराच्या हिशेबात ती खेडी अस्तित्वातच नव्हती. राष्ट्राच्या हिशेबात मात्र ती होती. विक्रम साराभाई यांनी या देशातील अवकाशकार्याला दिलेली दृष्टी हीच होती.

आज हाच प्रश्न पीकविम्याच्या रूपाने उभा आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ पासून उपग्रहचित्रांवर आधारलेल्या उत्पादन-अंदाजाला स्थान मिळाले आहे. बार्शीच्या शेतकऱ्याचे सोयाबीन किती बुडाले, याच्या निवाड्यात यापुढे आकाशातून काढलेल्या चित्राचे वजन वाढत जाणार. २०२३ च्या धोरणाप्रमाणे पाच मीटर किंवा त्याहून ढोबळ तपशिलाची माहिती सर्वांना मोफत मिळावयाची आहे, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु अधिक बारकाव्याच्या चित्रांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये पिक्सेलच्या नेतृत्वाखालील खासगी संघाची निवड झाली. बारा उपग्रहांसाठी बाराशे कोटींहून अधिक रक्कम तो स्वतः गुंतविणार आहे. गुंतविणारा ती व्याजासह वसूल करणारच. विमा कंपनी ही चित्रे विकत घेऊ शकेल. पण दावा फेटाळला गेलेला कोरडवाहू शेतकरी ती कोठून आणणार? ज्या पुराव्यावर त्याचा हक्क नाकारला जातो, तो पुरावा पाहण्याचा अधिकारही त्याला विकत घ्यावा लागणार असेल, तर सावकाराच्या वहीत आणि या चित्रात फरक तो काय राहिला?

जोखमीची बाजूही अशीच आहे. १९६७ चा अवकाश करार आणि १९७२ चा नुकसानभरपाईचा करार यांनुसार खासगी कंपनीच्या प्रक्षेपणाने परदेशात हानी झाली, तरी इतर राष्ट्रांपुढे उत्तरदायी राहते ते राज्य. लाभ भागधारकांचा आणि दायित्व करदात्यांचे, हा व्यवहार महाराष्ट्रातील गिरणी कामगाराला चांगला ठाऊक आहे. भरभराटीच्या काळात गिरण्या मालकांच्या होत्या. आजारी पडल्या तेव्हा त्या सार्वजनिक महामंडळांच्या गळ्यात आल्या.

म्हणून समाजवाद्यांची भूमिका आंधळ्या विरोधाची असू नये. इस्रोच्या कारभाराची आरती ओवाळणे हेही त्यांचे काम नव्हे. मे २०२५ मध्ये पीएसएलव्हीचे उड्डाण फसले. अशा प्रत्येक अपयशाचा चौकशी अहवाल जनतेपुढे ठेवण्याची मागणी त्यांनी केली पाहिजे. धोरण म्हणजे कायदा नव्हे. कंपन्यांचे दायित्व, त्यांचा विमा आणि त्यांच्यावरील नियंत्रण संसदेच्या कायद्याने बांधले गेले पाहिजे. सार्वजनिक तंत्रज्ञान द्यावयाचे तर एसएसएलव्हीप्रमाणे जाहीर बोलीने द्यावे आणि पुढील नफ्यातही राष्ट्राचा हिस्सा ठेवावा. सरकारी निर्णयाला आधार ठरणारे प्रत्येक उपग्रहचित्र ग्रामपंचायतीत विनामूल्य पाहावयास मिळावे. आणि वालचंदनगरसारख्या यंत्रशाळांत ही आवरणे सांधणाऱ्या कामगाराला, तो कायम असो वा कंत्राटी, या यशाच्या वाटणीत स्थान असावे.

या मागण्यांसाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या हंगामात विम्याचा दावा नाकारला गेलेल्या प्रत्येक गावात कार्यकर्त्यांनी जावे आणि शेतकऱ्याबरोबर कृषी कार्यालयात उभे राहून एकच प्रश्न विचारावा: ज्या चित्रावरून हा निर्णय झाला, ते चित्र कोठे आहे?