पाझराचा हिशेब



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत पाण्याची चर्चा होते ती टंचाईची. नळाला पाणी किती वेळ आले, टँकर कोणाच्या गल्लीत गेला, यावर मोर्चे निघतात आणि ते रास्तही आहेत. परंतु हे पाणी ज्या बांधकामामागे अडते, त्याच्या पायाखाली काय चालते, हा प्रश्न चळवळीने अद्याप आपला मानलेला नाही. निर्वासितांची वसाहत म्हणून १९४९ साली नाव मिळालेल्या उल्हासनगरला स्वतःचा जलस्रोत नाही. त्याची तहान औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण भागवते. अंबरनाथ-बदलापूरला उल्हास नदीवरील बंधाऱ्याचाही मोठा आधार आहे.

पाणी अडवले की ते खालून वाट शोधतेच. सह्याद्रीचा काळा पाषाण अभेद्य भासतो. पण त्यात भेगा आहेत, लाव्हाच्या थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे आहेत. म्हणून मातीच्या धरणाच्या पायात खडकापर्यंत चर खणून तो चिकणमातीने भरतात, भेगांत दाबाने सिमेंट भरतात. तरीही झिरपणारे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बाहेर काढतात. पाणी जावे, माती राहावी, एवढेच या शास्त्राचे सूत्र. सच्छिद्र पायावरील बंधाऱ्यांविषयी खोसला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ साली दाखवून दिले की, पाणी खालच्या अंगाला कोणत्या जोराने वर येते, हे निर्णायक असते. तेथे मातीचे कण उचलले जाऊ लागले, की पोकळी मागे मागे सरकत पाया पोखरते.

तेव्हा पाझर हा शत्रू नव्हे. बेहिशेबी पाझर हा शत्रू होय. निवळ आणि स्थिर पाझर सामान्यतः काळजीचा नसतो. तो वाढला किंवा गढूळ झाला, तर धरणाची माती वाहू लागली असे समजावे.

चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. नंतर एका मंत्र्याने दोष खेकड्यांना दिला! खेकड्यांना निवडणूक लढवायची नसते, एवढाच त्यांचा अपराध.

यामागे अर्थकारण आहे. नव्या बांधकामाला कोनशिला असते, देखभालीला नसते. म्हणून अंदाजपत्रकात देखभाल नेहमी सावत्र ठरते. बारवीची उंची वाढवली गेली, त्यासाठी आदिवासींची घरे-शेते पाण्याखाली गेली. या धरणात दोष आहे, असा दावा येथे नाही. परंतु पाण्याची उंची वाढली की पायाखालचा दाबही वाढतो, आणि त्याची जोखीम खालच्या गावांवर पडते.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. मात्र ती नोंद कचेरीच्या कपाटात राहिली, तर लोकांच्या हाती काय येणार? कार्यकर्त्यांनी मागणी करावी ती साधी: पाझराची मोजमापे मराठीत, दरमहा, नदीकाठच्या ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या फलकांवर लागावीत. ज्यांच्या डोक्यावर पाणी उभे आहे, त्यांना त्याचा हिशेब मागण्याचा पहिला हक्क आहे.