पावसाचे जुने साक्षीदार

(शाळेच्या हीरकमहोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



या शाळेत आठवीत असताना पर्जन्यमापकाची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. प्रार्थनेपूर्वी मैदानाच्या कोपऱ्यात जायचे, बाटलीतील पाणी मोजपात्रात ओतायचे आणि आकडा वहीत उतरवायचा. श्रावणातील एका सकाळी भर पावसात बाहेर पडण्याचा मला कंटाळा आला. व्हरांड्यात उभा राहून मी अंदाज बांधला आणि ‘४२ मिलिमीटर’ असे लिहून मोकळा झालो. सरांनी विश्वासाने सही केली. ही गोष्ट आज प्रथमच जाहीरपणे सांगतो आहे.

पुढे नोकरीनिमित्त मी चेन्नईला गेलो आणि तेथेच स्थिरावलो. तेथील नुंगमबाक्कम भागात हवामान केंद्राच्या आवारात जुन्या मद्रास वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब अद्याप उभा आहे. ही वेधशाळा १७९२ सालची. मद्रासच्या पावसाच्या नोंदी १८१३ पासून उपलब्ध आहेत. एवढी दीर्घ नोंदवही आपल्या देशात क्वचितच आढळते. तरीही २०१५ च्या डिसेंबरात त्याच शहरात घराघरांत पाणी शिरले आणि २०१९ च्या उन्हाळ्यात चारही प्रमुख जलाशय कोरडे पडून जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नळाला पाणी नाही म्हणून घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभा असताना मला वारंवार एकच प्रश्न पडे: दोनशे वर्षांच्या वहीत पावसाचा सारा स्वभाव उतरला असेल काय?

हा प्रश्न केवळ चेन्नईचा नाही. आपल्या शाळेमागून वाहणारी कृष्णाही त्यात गुंतलेली आहे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी मद्रासला द्यावे, असे १९७६ साली ठरले. १९९६ मध्ये ते पाणी पूंडी जलाशयात पोहोचले. म्हणजे सह्याद्रीवरील पावसाचा काही अंश माझ्या घरच्या माठात येतो! असे वाटे ठरतात ते गेल्या काही दशकांत मोजलेल्या पाण्यावरून. त्यापूर्वीच्या शतकांची वही कोणी लिहिली?

ती सागाच्या झाडांनी लिहिली. उष्ण प्रदेशातील पुष्कळ वृक्षांत वार्षिक वलये स्पष्ट उमटत नाहीत. परंतु साग कोरड्या ऋतूत पाने गाळून वाढ थांबवतो, म्हणून त्याची वलये मोजता येतात. ओल मुबलक असेल तर वलय रुंद, दुष्काळात अरुंद. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढतात, झाड जिवंत राहते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील हेमंत बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळमधील सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका सिद्ध केली. प्रशांत महासागरात एल निनो उद्भवून आपला मोसमी पाऊस रोडावला, की त्याची खूण त्या वलयांत बहुधा दिसते.

मात्र मला अधिक भावले ते वेगळेच. झाडही कधी कधी खाडा करते! तीव्र दुष्काळात एखादे वलय उमटतच नाही. उलट अवेळी पाऊस झाला, तर एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून एकाच झाडावर विसंबत नाहीत. अनेक झाडांच्या कांड्या शेजारी ठेवून अरुंद-रुंद वलयांचा क्रम जुळवतात आणि चुकलेले वर्ष हुडकून काढतात. माझी ४२ मिलिमीटरची नोंदही शेजारच्या गावच्या वहीशी ताडून पाहिली असती, तर पकडली गेली असती.

सागाच्याही मागे जायचे, तर गुहेत शिरावे लागते. बस्तरच्या कांगेर खोऱ्यात दंडक नावाची चुनखडीची गुहा आहे. छतातून ठिबकणाऱ्या थेंबांमुळे तेथे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ वाढतात. जोरदार मोसमी पावसाच्या पाण्यात प्राणवायूचा जड समस्थानिक तुलनेने कमी असतो आणि ते प्रमाण स्तंभाच्या थरांत बंदिस्त होते. थराचे वय युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणावरून ठरते. आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौदाव्या-पंधराव्या शतकांत मोसमी पाऊस वारंवार आणि प्रदीर्घ काळ क्षीण झाल्याचे दिसले. दख्खनमध्ये १३९६ पासून सुमारे बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ आपण ऐकून आहोत. बारा वर्षे ही लोकस्मृतीची अतिशयोक्ती असावी, असे मी समजत असे. बस्तरच्या दगडाने माझी ती समजूत ढासळवली.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळाने तर सुमारे अकरा हजार वर्षांची कहाणी सांगितली. सरोवर आटून खारट होई तेव्हा गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक बनत. ते ज्या थरांत सापडले, ते कोरडे कालखंड दशकांचे नव्हेत, शतकांचे होते.

येथे एक सावधगिरी हवी. चेन्नईला पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. दंडक आणि लोणार हे नैऋत्य मोसमी पावसाचे साक्षीदार. त्यांची साक्ष मरीनाच्या किनाऱ्याला जशीच्या तशी लावता येणार नाही. परंतु कृष्णेला ती लागू पडते. आणि दुर्गादेवीसारखी बारा वर्षे पुन्हा आली, तर ५ टीएमसीचा आकडा कागदावर राहील, नदीत नव्हे. हा हिशेब वरच्या आणि खालच्या गावांनी एकत्र बसून दुष्काळापूर्वीच करायला हवा. रांगेत घागरी मांडल्यावर तो शांतपणे होत नाही, हे मी पाहिले आहे.

त्या जुन्या नोंदवह्या ग्रंथालयाच्या कपाटात असल्याचे कळले. त्या फेकू नयेत आणि माझ्या त्या दिवशीच्या आकड्यापुढे लाल शाईने ‘अंदाजे’ असा शेरा मारावा, अशी विनंती मी आज सकाळी मुख्याध्यापकांना केली आहे.